मी करणार नाही, तुम्ही करा: वहीतलं यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बेदाण्याच्या शेडचे अँगल, रॅक, जाळीच्या फ्रेमा, हळदीच्या कुकरची आणि पॉलिशच्या ड्रमची दुरुस्ती, असं आमचं काम. गिऱ्हाईक रॅक न्यायला येतं आणि टेम्पो भरेपर्यंत आपली एखादी अडचण सांगून जातं. त्या अडचणीवर काय करता येईल याचे कच्चे आराखडे माझ्या वहीत साचत गेले. त्यातले बहुतेक मी कधीच करणार नाही. सीझनला हातातल्या ऑर्डरी निघत नाहीत, आणि सीझन सरला की पुढच्या वर्षीच्या मालाची जुळवाजुळव सुरू होते. म्हणून मी ते लोकांना देऊ लागले. देता देता एवढं पक्कं कळलं की नुसती कल्पना सांगून कुणी काही बनवत नाही. आपण कुठवर गेलो, काय मोजलं आणि नेमकं कशाला अडलो हे कागदावर दिलं, तर समोरचा तिथून पुढे निघतो.

ज्यांच्याकडे अशा वह्या आहेत त्यांच्यासाठी ही रीत लिहिते आहे. उदाहरणं बेदाण्याची आहेत कारण मला तोच धंदा आतून माहीत आहे. उदाहरणातल्या कल्पनाही खऱ्या आहेत आणि उचलायला मोकळ्या आहेत.

आधी वही चाळा

प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: ही अडचण ज्याची आहे, तो माणूस आज तिच्यावर काय करतो? तो काहीतरी करत असणारच. ताडपत्री बांधत असेल, रात्री उठून बघत असेल, जास्तीचा मजूर लावत असेल, नाहीतर नुकसान सोसत असेल. या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता येत नसेल तर ते पान कुणाला देऊ नका. माझ्या वहीत मोबाइलच्या कॅमेऱ्याने बेदाण्याचा रंग बघून प्रत सांगणारं ॲप होतं. ते लिहिताना मला फार आवडलं होतं. पण सौद्यात खरेदीदार माल हातात घेतो, दाबून बघतो, चाखतो आणि मगच भाव बोलतो. ॲपने सांगितलेल्या प्रतीवर एकही खरेदीदार बोली लावणार नाही, आणि शेतकऱ्याला आपल्या मालाचा रंग आधीच ठाऊक असतो. ते पान फाडलं.

दुसरी चाळणी म्हणजे हे काम आधीच कुणी करतंय का. कांदाचाळीतला सडका कांदा लवकर ओळखणारं उपकरण माझ्याही वहीत होतं. नाशिक जिल्ह्यात तरुण मंडळी त्यावर आधीपासून काम करताहेत, असं कळल्यावर मी ते खोडलं. शोधायला फार लागत नाही. भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ नावाची शोधसेवा फुकट आहे, गूगल पेटंट्स आहे. आणि त्यांच्याइतकंच महत्त्वाचं, डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे एक दिवस पायी फिरा. पेटंटच्या कागदावर कधी न आलेली कितीतरी अवजारं तिथल्या लहान स्टॉलवर दिसतात.

जे आपण स्वतः येत्या वर्षा-दोन वर्षांत करणार आहोत ते ठेवून घ्या. त्यात संकोच नको. मात्र जे करणार नाही ते अडवून ठेवू नका.

जे आपलं नाही ते देऊ नका

नोकरीत असाल तर करारपत्र वाचा. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या कामातून सुचलेलं बहुधा कंपनीचं असतं. माझ्यासारखं जॉबवर्क करणाऱ्याने गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवायचं नाही, मग ते गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

यापेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे शेतकऱ्याने सांगितलेली युक्ती. रॅकच्या जाळीचा मधला झोळ कमी करायला एका शेतकऱ्याने बांधलेला ताण मी पाहिला, तो माझा नाही. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांनी सुरू केलेल्या हनी बी नेटवर्कचा दंडक मी पाळते: ज्याच्याकडून ज्ञान घेतलं त्याला विचारायचं, त्याची इच्छा असेल तर त्याचं नाव लावायचं, आणि जे लिहू ते त्याला कळेल अशा भाषेत त्याच्याकडे परत न्यायचं. म्हणून माझे कागद मराठीत असतात. शेडवाल्याला वाचता येईल असा कागद असला की तो चूक दाखवतो. ती दुरुस्ती मला इंजिनिअरकडून मिळत नाही.

कागद कसा लिहायचा

इथे मी थांबून सविस्तर सांगणार आहे, कारण सगळं यातच आहे. माझा एक कागद पुरा उलगडते.

अडचण अशी. तासगाव, कवठेमहांकाळ, जुनोनी या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा सीझन असतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर पसरतात. बाजू उघड्या, वर छप्पर, कडेला शेडनेट. दोन आठवड्यांच्या आसपास माल वाळतो, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या दिवसांत अवकाळी आला किंवा हवा ढगाळ राहिली की माल ओल धरतो, काळपट पडतो आणि भाव मोडतो. आज शेतकरी काय करतो? आभाळ भरून आलं की माणसं धावतात आणि बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे सोडतात. रात्री दोन वाजता वळीव आला तर धावायला कुणी नसतं.

कल्पना सरळ आहे: पडदा आपोआप पडावा आणि आपोआप उठावा. एवढंच लिहून दिलं असतं तर वाचणाऱ्याने आर्द्रतेचा सेन्सर आणला असता, ७० टक्क्यांवर पडदा पाड असं सांगितलं असतं, आणि पहिल्याच रात्री फसला असता. कारण हवेत पाण्याचा एक थेंब न वाढताही रात्री सापेक्ष आर्द्रता चढते. दुपारी ३२ अंशाला ४० टक्के असलेली हवा, तीच हवा, रात्री २२ अंशाला थंड झाली की ७२ टक्क्यांच्या जवळ जाते. तेव्हा पडदा पाडला तर द्राक्षांतून निघालेली वाफ आतच कोंडते. बाहेरचा पाऊस अडवायला गेलो आणि आतला माल उबवला, असं होतं. म्हणून कागदावर मी लिहिलं: दोन सेन्सर लावा, एक आत आणि एक बाहेर. दोन्हीकडे तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढा, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतली वाफ पाणी होऊ लागेल ते; हवेत खरं पाणी किती आहे ते त्यावरून कळतं. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच बंद करायला अर्थ आहे. पहिले काही दिवस माल इतकं पाणी सोडतो की आतला दवबिंदू जवळजवळ कायम वर राहतो. त्या काळात फक्त थेट पावसासाठी पडदा हवा. माल तयार व्हायला आला की नियम बदलतो, कारण वाळलेला बेदाणा हवेतली ओल ओढून घेतो.

आणि इथेच मी अडले. एका शेडमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या दिवसांचा माल असतो. डाव्या रॅकवर कालची द्राक्षं, उजवीकडे उद्या उतरवायचा बेदाणा. पडदा कुणासाठी पाडायचा? शेडचे कप्पे करायचे की दोन बाजूंचे पडदे वेगळे चालवायचे, हे मला सुटलेलं नाही. कागदात ‘न सुटलेलं’ असा ठळक मथळा घालून मी ते लिहिलं आहे. तुम्हीही तसंच करा. आपली अडलेली जागा झाकून कागद चकचकीत करण्याचा मोह फार होतो, पण घेणाऱ्याला सगळ्यात उपयोगी भाग तोच असतो.

पुढे सामान. कंट्रोलरला ईएसपी-३२ हा प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड पुरतो. सेन्सर स्वस्तातला घेऊ नका. शेडमध्ये धूळ आणि डिपिंग ऑइलचा चिकटपणा असतोच, शिवाय गंधकाची धुरी देतात आणि तो वायू तांब्याचे जोड खातो. गाळणीची टोपी असलेला सेन्सर घ्या आणि धुरी देताना तो काढून ठेवता येईल अशी क्लिप द्या. पडद्याची गुंडाळी नव्याने शोधायची गरज नाही. पोल्ट्रीच्या शेडला पडद्याची नळी हाताने फिरवायचं विंच असतं, त्याच नळीला मोटर बसवायची. मोटर बॅटरीवरची हवी, कारण वळवाच्या वाऱ्यात लाइट आधी जाते. पावसाआधी वारा येतो आणि अर्ध्यावर लोंबणारा पडदा त्यातच फाटतो, म्हणून पडदा एकतर पूर्ण वर हवा, नाहीतर पूर्ण खाली आणि खालच्या पाइपला अडकवलेला. तो आपोआप अडकेल असा हूक मी काढून ठेवला आहे, पण खऱ्या वाऱ्यात तपासलेला नाही. हेही लिहायचं: काय मोजून सांगतो आहोत, काय ऐकीव आहे, काय नुसता अंदाज आहे. मी समासात ‘मो’, ‘ऐ’, ‘अं’ अशी अक्षरं टाकते. वाचणाऱ्याला कुठल्या ओळीवर किती भार टाकायचा ते लगेच समजतं.

मग पैसे कोण देणार. हा परिच्छेद लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते यंत्राच्या वर्णनापेक्षा तो मोठा असायला हवा. बऱ्याच शेड भाड्याच्या असतात. शेतकरी माल आणतो, भाडं भरतो, बेदाणा घेऊन जातो. माल काळा पडला तर नुकसान शेतकऱ्याचं, शेडमालकाचं भाडं ठरलेलंच. म्हणजे ज्याला पडदा हवा आहे त्याची शेड नाही, आणि ज्याची शेड आहे त्याला पडद्याची घाई नाही. यातून मला दोन वाटा दिसतात. एक, ज्यांची बाग आणि शेड दोन्ही स्वतःची आहेत त्यांच्यापासून सुरुवात करायची. दोन, शेडमालकाला ‘पडद्याची शेड’ म्हणून जास्त भाडं मागता येईल असं काही उभं करायचं. पहिली वाट लहान आहे पण चालायला लगेच मोकळी आहे.

शेवटी, मी का करणार नाही. हे खरं लिहा, कारण घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो. माझं कारण असं की हे यंत्र वर्षात तीन महिने चालणार आणि सगळ्या तक्रारी त्याच तीन महिन्यांत येणार, नेमक्या माझ्या रॅकच्या सीझनला. ज्याच्याकडे पोल्ट्री किंवा पॉलिहाऊसचं काम आहे त्याला उरलेले नऊ महिनेही हीच मोटर आणि हाच कंट्रोलर विकता येईल. अडचण यंत्राची आहे की माझ्या जागेची, हे घेणाऱ्याला त्यावरून कळतं.

एवढा कागद दोन-तीन पानांत बसतो. जोडीला हातानं काढलेलं ड्रॉइंग, मापांसकट. सुबक नसलं तरी चालेल, माप मात्र चुकायला नको.

आकडे द्या, चुकीचे ठरले तरी

ऑगस्ट २०१३ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘हायपरलूप अल्फा’ नावाचा, बरीच हवा काढलेल्या नळीतून प्रवासी डबे वेगाने सोडण्याचा आराखडा जाहीर केला. स्वतः बांधायला वेळ नाही, कुणीही पुढे न्या, अशी त्यांची भूमिका होती. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे ३५ मिनिटं, प्रवासी मार्गाचा खर्च ६ अब्ज डॉलरच्या आत, असे आकडे त्यात होते. खर्चाच्या आकड्यावर जाणकारांनी तुटून पडून आक्षेप घेतले. पण आकडे होते म्हणूनच आक्षेप घेता आले, आणि जगभरचे विद्यार्थी डबे बनवायला बसले. आपल्याकडेही २०१८ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने मुंबई–पुणे मार्गासाठी व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीशी प्राथमिक करार केला होता. तो मार्ग झाला नाही, कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. मला त्या आराखड्यातून घ्यावीशी वाटते ती एकच गोष्ट: ‘खूप वेगवान’, ‘खूप स्वस्त’ असं न लिहिता त्याने तपासता येईल असा आकडा ठेवला. माझ्या कागदावरही पडदा किती सेकंदांत पडायला हवा, सेन्सर किती उंचीवर, किती मीटरला एक मोटर, हे आहे. चूक असेल तर कुणीतरी खोडेल.

हक्काचं काय

लोकांना इथे भीती वाटते, म्हणून थोडं स्पष्ट सांगते. मी वकील नाही, पण एवढं समजून घेतलं आहे.

भारतीय पेटंट कायदा १९७० चा. पेटंटसाठी वस्तू नवी लागते. तुम्ही ती कुठेही जाहीर केलीत की तिचं नवेपण संपतं, अगदी तुमच्यासाठीसुद्धा. काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणून ठरवायचं ते आधी ठरवा. पेटंट घ्यायचं मनात असेल तर अर्ज आधी, कागद नंतर.

देऊनच टाकायचं असेल तर हाच नियम आपल्या कामाला येतो. तारीख घालून, सर्वांना सापडेल अशा ठिकाणी, पुरेशा तपशिलासह जाहीर केलेली गोष्ट नंतर दुसऱ्या कुणालाही आपल्या नावावर करता येऊ नये. कुणी अर्ज केलाच तर तो साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि मंजुरीआधी कलम २५(१) खाली कुणीही त्यावर हरकत घेऊ शकतं. तुमचा तारखेचा कागद तिथे पुरावा. त्यात तपशील जितका नेमका तितका तो भक्कम, म्हणून मोघम कागद इथेही कुचकामी. घेणाऱ्याने त्यात खरी नवी सुधारणा केली तर त्या सुधारणेचं पेटंट तो घेऊ शकतो, आणि ते त्याचं आहे.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, पण तुमच्या मजकुरावर आणि ड्रॉइंगवर तो आपोआप असतो. म्हणून खाली एक ओळ लिहावी लागते. मी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार परवान्यांपैकी ‘सीसी झिरो’ लावते, म्हणजे काहीही करा, माझं नाव दिलं नाही तरी चालेल. नाव हवं असेल तर ‘सीसी बाय’. कंट्रोलरचा प्रोग्राम दिला तर त्याला एमआयटी लायसन्स, म्हणजे कुणालाही तो मोकळेपणाने वापरू देणारा परवाना. ‘विचारल्याशिवाय वापरू नये’ असं लिहिणार असाल तर मग तो कागद देऊच नका. अर्धवट दिलेल्या गोष्टीला हुशार माणूस हात लावत नाही.

कुणाला आणि कधी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं जुलै-ऑगस्टात प्रोजेक्टचा विषय शोधत असतात. आमच्याकडे वालचंद कॉलेज आहे, आसपास पॉलिटेक्निक आहेत. कागद जुलैत दिला तर दिवाळीपर्यंत पहिला नमुना उभा राहतो आणि फेब्रुवारीत खऱ्या शेडमध्ये लावता येतो. तोच कागद जानेवारीत दिला तर वर्ष वाया जातं, कारण पावसाळ्यात तपासायला द्राक्षंच नसतात. तुमच्या धंद्याचा सीझन बघून उलटं मोजा आणि तारीख ठरवा.

विद्यार्थ्यांइतकाच माझा भरवसा शेजारच्या धंद्यातल्या माणसावर आहे. पडद्याचा कागद मी पोल्ट्रीचं काम करणाऱ्याला आवर्जून देते. त्याच्याकडे नळी, विंच, फिटर सगळं आहे, नाही ते फक्त बेदाण्याचं गणित. तेवढं माझ्याकडे आहे.

कागदासोबत एक ओळख द्या: पहिला नमुना ज्याच्याकडे लावता येईल असा एक शेतकरी, त्याला आधी विचारून. ही ओळख ड्रॉइंगपेक्षा मोलाची. आणि फोन उचलायची तयारी ठेवा. ‘गंधकाच्या दिवशी सेन्सर काढायचा म्हणजे किती तास?’ असं कुणी विचारलं की समजायचं, काम सुरू झालं. आपण होऊन ‘कुठवर आलं?’ म्हणून विचारत राहू नका. भागीदारी मागू नका, यंत्रावर नाव मागू नका. घेणाऱ्याने पडदा सोडून फक्त दवबिंदू सांगणारा भोंगा बनवला, तर तो त्याचा निर्णय. कदाचित तेच बरोबर असेल.

ही दोन आणखी

सौद्यात खरेदीदार नमुना बघताना बेदाणा हाताळतात, उरलेला खाली पडतो. या उधळणीवर शेतकऱ्यांनी अनेकदा आवाज उठवला आहे. बॉक्सच्या तोंडावर बसणारा, एका बाजूने उघडा, मूठभर माल पसरून बघता येईल आणि तिरका केला की परत बॉक्समध्ये जाईल असा ट्रे मी कागदावर काढला आहे. पत्रा वाकवायचा, दुसरं काही नाही. अडचण अशी की खरेदीदाराला खालच्या थरातला माल बघायचा असतो आणि ट्रेमध्ये वरचाच येतो. बॉक्समध्ये खालपर्यंत जाणारी, धान्याच्या पोत्यातून नमुना काढायच्या बंबीसारखी नळी याला जोडावी लागेल, पण बेदाणा चिकट आहे, नळीत अडकतो.

दुसरं डिपिंगच्या टाकीचं. द्रावण साधारण लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली तेल असं बनवतात आणि त्यात क्रेटमागून क्रेट बुडवत राहतात. फुटलेल्या मण्यांचा रस त्यात उतरतो, द्रावण ओढलं जातं, आणि ते कधी बदलायचं हे बहुतेक नजरेनेच ठरतं. लवकर बदललं तर औषध वाया, उशिरा बदललं तर शेवटच्या क्रेट नीट वाळत नाहीत. टाकीत बुडवून रंगावरून सांगणारी स्वस्त पट्टी हवी. पीएचची पट्टी कार्बोनेटची ताकद उतरल्याचं काही प्रमाणात दाखवेल, पण तेल किती उरलं ते तिला कळत नाही. तेलासाठी माझ्याकडे एकच कच्चा मार्ग आहे: बुडवलेल्या काचेवरून द्रावण कसं ओघळतं ते बघायचं, थेंब धरतात की सलग पापुद्रा राहतो. ताज्या द्रावणाशी, ज्ञात प्रमाणात पातळ केलेल्या द्रावणाशी आणि दिवसभर वापरलेल्या द्रावणाशी तुलना करून याची मोजपट्टी बनवता येते का, हे रसायनशास्त्राच्या कुणीतरी बघायला हवं. सगळं सामान कुठल्याही शेडवर मिळेल, जानेवारीअखेरपासून टाक्या भरायला लागतात.